भिशीची वही

रमजानचा पहिला रविवार. रात्रीचे दहा वाजून गेलेले. तरावीहची नमाज पढून पुरुष मंडळी मशिदीतून घरी परतत होती आणि बागवान गल्लीतल्या आपांच्या ओसरीवर बायका जमत होत्या. कुणाच्या हातात इफ्तारच्या उरलेल्या भज्यांची ताटली, कुणाच्या कडेवर पेंगुळलेले पोर. मधोमध स्टीलचा डबा. गेल्या ईदनंतर त्या डब्यात अकरा नावांच्या अकरा चिठ्ठ्या पडल्या होत्या. आता एकच उरली होती. नाव कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होते. तरीही आपांच्या नातीने डोळे मिटून डब्यात हात घातला आणि नाव मोठ्याने वाचले. फुलवाल्या वहिनींना भिशी लागली. वहिनींनी २४,००० रुपये दोनदा मोजले. पैसे पुरे भरले.

पैसे पुरे भरले, ही या ओसरीवर त्या रात्री सर्वांत मोठी गोष्ट होती. कारण दोन महिन्यांपूर्वी, रजब महिन्यात, ते पुरे भरतील की नाही याचीच सगळ्यांना धास्ती लागली होती.

बारा जणी, बारा चांद

भिशी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गावागावांत, गल्लीगल्लीत ती चालते. आपांची भिशी बारा जणींची. दर महिन्याला प्रत्येकीने २,००० रुपये द्यायचे. जमलेले २४,००० एकीला मिळायचे. पुढच्या महिन्यात दुसरीला. बारा महिन्यांत बारा जणींची पाळी होते आणि वर्तुळ पुरे होते. आपांच्या भिशीचा महिना चांदावर चालतो. ईदच्या शव्वाल महिन्यात ती सुरू होते आणि पुढच्या रमजानमध्ये संपते. चांद दिसल्यानंतरचा पहिला रविवार हा भिशीचा दिवस. चांदाचे वर्ष कॅलेंडरच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. "तुमचं वर्ष लवकर संपतं, म्हणजे आमचे पैसे लवकर मिळतात," असे फुलवाल्या वहिनी गमतीने म्हणतात. या बाराजणींत सात मुसलमान आणि पाच हिंदू आहेत. कुणी भाजी विकते, कुणी शिवणकाम करते, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, एकीचा पापडाचा उद्योग आहे.

आपा म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. रिवाजाप्रमाणे पहिली भिशी चालवणाऱ्याची, म्हणून ती चिठ्ठी न काढता आपांना मिळते. त्या बदल्यात जबाबदारीही त्यांचीच. कुणी हप्ता बुडवला तर तो आपांनी भरायचा. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण माहीत सगळ्यांना होता.

भिशीचा हिशेब वरवर सरळ दिसतो. बारीक पाहिले तर त्यात एक गाठ आहे. जिला पहिल्या महिन्यांत भिशी लागते, तिला बिनव्याजी कर्ज मिळते आणि ती ते पुढे हप्त्यांनी फेडते. जिची पाळी शेवटी येते, ती वर्षभर बिनव्याजी बचत करत असते. म्हणजेच शेवटची बाई पहिल्या बाईला उसने देत असते. पैसे दोघींना सारखेच मिळतात, पण जोखीम सारखी नसते. मधे कुणी हात वर केले तर खड्डा पडतो तो शेवटच्या पाळीला. म्हणून तर नंबर ठरवायला चिठ्ठी लागते. कुणाची मर्जी नको, कुणाचा वशिला नको.

काही ठिकाणी लिलाव भिशी चालते. ज्याला गरज जास्त, तो कमी रक्कम घ्यायला तयार होतो आणि उरलेले पैसे बाकीचे वाटून घेतात. इस्लाममध्ये व्याज हराम असल्यामुळे अनेक मुसलमान घरे या प्रकारापासून लांब राहतात. चिठ्ठीच्या भिशीत भरले तेवढेच मिळते. एक रुपया जास्त नाही, एक कमी नाही. त्यामुळे बँकेत व्याजाच्या विचाराने पाऊल न टाकणाऱ्या बाईलाही भिशी आपली वाटते. आणि जिला व्याजाशी काही देणेघेणे नाही, तिला ती दुसऱ्याच कारणाने आपली वाटते. इथे कुणी आधार कार्ड मागत नाही.

रजबचा तो रविवार

मणियार भाभींचे बांगड्यांचे छोटे दुकान आहे. दुकान म्हणजे आठवडी बाजारात मांडलेली हातगाडी. त्यांना मोहरम महिन्यात भिशी लागली होती. त्या पैशांत त्यांनी लग्नसराईचा माल भरला. हप्ते वेळेवर जात होते. मग एका रात्री त्यांचे पती रिक्षा घेऊन परतताना घसरले. पायाचे हाड मोडले, रिक्षाही दुरुस्तीला गेली. भाभी दवाखान्यात, गाडी बाजारात नाही, घरात येणारी दोन्ही मिळकत एका दिवसात थांबली.

त्या आधी बँकेत गेल्या. खाते होते. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेत गल्लीतल्या बहुतेक बायकांची खाती निघाली आहेत. काउंटरवरचा तरुण उद्धट मुळीच नव्हता. त्याने खुर्ची दिली आणि काय लागेल ते सांगितले. उत्पन्नाचा पुरावा, दुकानाचा परवाना, भाडेकरार, दोन जामीनदार. भाभींजवळ यातले काहीच नव्हते. वीस वर्षे त्यांनी कुणाचाही पैसा थकवला नव्हता. घाऊक बांगडीवाला त्यांना तोंडी शब्दावर माल देत होता. पण हे सांगणारा एकही कागद नव्हता. बँकेच्या दृष्टीने त्या कर्ज फेडणाऱ्या बाई नव्हत्या आणि बुडवणाऱ्याही नव्हत्या. त्या दिसतच नव्हत्या.

यात त्या तरुणाला दोष देता येत नाही. तो ज्या पैशांची राखण करतो ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. तो भाभींना ओळखत नाही, उद्या त्याची बदली होईल. समोर बसलेले माणूस बदलले तरी नियम तोच राहिला पाहिजे, यासाठीच तर संस्था असते. ओळखीवर कर्ज देणारी बँक ओळख नसलेल्याला दारातच अडवील. कागद मागणे हा एका अर्थाने न्यायच आहे. पण ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यापुरता तो न्याय दाराबाहेरच थांबतो.

रजबच्या रविवारी भाभी रिकाम्या हाताने ओसरीवर आल्या. त्यांचे अजून तीन हप्ते द्यायचे राहिले होते. रजब, शाबान आणि रमजान. एकूण ६,००० रुपये. आपा लगेच म्हणाल्या, "मी भरते. माझीच जबाबदारी आहे." बायकांनी माना डोलावल्या. डबा पुढे सरकला.

फुलवाल्या वहिनींनी मात्र डब्यावर हात ठेवला. डब्यात तीन चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एक त्यांची होती. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी नऊ महिने हप्ते भरले होते. हातात अजून काही आले नव्हते. त्या म्हणाल्या, "आपा, राग मानू नका. तुम्ही भराल, मला माहीत आहे. पण तुमच्या पेन्शनवर घर चालतं. उद्या तुम्हालाच काही झालं तर? आम्ही तिघींनी कुणाकडे बघायचं? हे सगळं कुठे लिहिलंय का?"

ओसरीवर शांतता पसरली. पंधरा वर्षांच्या भिशीत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आपांचा चेहरा उतरला. एकीने वहिनींना कोपराने ढोसले. दुखणाईत घर समोर असताना ही हिशेब काढते, असे दोघी-तिघींच्या तोंडावर उमटले.

कर्ज लिहून ठेवा

आपांनी त्या रात्री भिशी पुढच्या रविवारवर ढकलली. त्या आठ दिवसांत त्यांना जे आठवले ते मदरशात शिकलेले आणि शाळेत मुलांना सांगितलेलेच होते. फक्त भिशीच्या डब्याशी त्याचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे? बऱ्याच जणांना वाटते नमाज, रोजा किंवा कयामत. ती आहे कर्जाच्या लिखापढीविषयी. सूरह बकराची २८२ वी आयत. मुदतीचे कर्ज घ्याल तर ते लिहून ठेवा, असे ती सांगते. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. साक्षीदार असावेत. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नये. हातोहात चाललेल्या रोजच्या खरेदी-विक्रीत मात्र लिहिले नाही तरी चालते. शुक्रवारच्या भाजीच्या सौद्यासाठी दस्तऐवज करा असा हट्ट तिथे नाही. उधारी मुदतीवर गेली की कागद आला पाहिजे.

या आयतीतला एक बारकावा फार कमी वेळा सांगितला जातो. मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. कर्ज देणारा नव्हे, कर्ज घेणारा बोलणार आणि लिहिणारा ते उतरवून घेणार. आज कोणत्याही कर्जाच्या अर्जावर नजर टाकली तर उलटे दिसते. मजकूर देणाऱ्याचा छापलेला असतो. घेणाऱ्याने फक्त फुलीच्या खुणेजवळ सही करायची.

त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आयतीही ध्यानात घेण्यासारख्या आहेत. आधीची सूचना अशी की देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलेत तर ते अधिक चांगले. नंतरची सूचना प्रवासातल्या माणसासाठी आहे. लिहिणारा मिळत नसेल तर काही तारण घ्या. आणि एकमेकांवर भरवसा ठेवून व्यवहार केला असेल, तर ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने ती अमानत परत करावी. म्हणजे कागद, सवड आणि शब्द, तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एकीने दुसरीला रद्द केलेले नाही.

पुढच्या रविवारी आपा नवी दोनशेपानी वही घेऊन बसल्या. आधी त्यांनी वहिनींची माफी मागितली. "तू विचारलंस ते बरोबर होतं. मला ते अविश्वासासारखं लागलं, ती माझी चूक," असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग तोडगा निघाला. भिशी नऊ जणींना लागून गेली होती. त्यातल्या भाभी सोडून उरल्या आठ. फायदा ज्यांनी आधी घेतला त्यांनी भार उचलायचा. आठ जणींनी २५० रुपये महिना जास्त द्यायचे, २,००० चा हप्ता पुरा होतो. चिठ्ठी न निघालेल्या तिघींवर एक पैसाही वाढायचा नाही, कारण त्या आधीच सर्वांना उसने देत आल्या आहेत.

कुणीतरी हळूच म्हणाले, "जकातीतून देऊन टाकू या." कर्जात बुडालेला माणूस जकात घेऊ शकतो. कुरआनात जकात कुणाला द्यावी याचे जे आठ गट सांगितले आहेत, त्यात कर्जदार आहेत. पण भाभींनी मान हलवली. "जकात माझ्यापेक्षा गरजूला द्या. मला उसने द्या. मी फेडीन." त्यांना दान नको होते, मुदत हवी होती. बिनव्याजी, सवडीने फेडायच्या अशा उसनवारीला कर्जे हसना म्हणतात. त्यासाठी देणारा आणि घेणारा एकाच धर्माचे असावे लागत नाहीत. आठ जणींत तीन हिंदू होत्या. त्यांनीही २५० रुपये काढले.

मग आपांनी भाभींना सांगितले, "तू बोल, मी लिहिते." भाभींनी स्वतः मजकूर सांगितला. ईदनंतर दर महिन्याला ५०० रुपये, बारा महिने, एकूण ६,०००. खाली त्यांची उर्दूत सही, साक्षीदार म्हणून फुलवाल्या वहिनींची मराठीत आणि अंगणवाडीच्या बाईंची अशा तीन सह्या झाल्या. इतक्या वर्षांच्या भिशीतला हा पहिला लेखी कागद होता.

नाव वेगळे, वर्तुळ तेच

असे वर्तुळ फक्त बागवान गल्लीत नाही. घाना आणि पश्चिम आफ्रिकेत त्याला सुसू म्हणतात, इंडोनेशियात अरिसान, कोरियात के, इजिप्तमध्ये गमईया, पाकिस्तानात कमिटी, केरळात चिट्टी किंवा कुरी. क्लिफर्ड गिर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ साली आशिया आणि आफ्रिकेतल्या अशा फिरत्या उसनवारीच्या मंडळांवर लेख लिहिला. खेड्यातली जुनी देवघेव आणि शहरातली आधुनिक बँक यांच्यामधली ती पायरी आहे, असे त्याचे म्हणणे होते. बँका आल्या की ही पायरी आपोआप गळून पडेल, असा त्यामागचा अंदाज होता. साठ वर्षे उलटून गेली. बँका आल्या, मोबाईलवर पैसे पाठवणे आले. आता भिशीचा हप्ता फोनवरून जातो, पण भिशी गेली नाही.

"अनौपचारिक क्षेत्र" हा शब्द आज सरकारी अहवालांत सर्रास दिसतो. तो रुजवला कीथ हार्ट या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने. घानाची राजधानी अक्रा येथील निमा या गरीब वस्तीत त्याने पाहिले, की सरकारी नोंदीत बेकार असलेली माणसे प्रत्यक्षात दिवसभर राबत होती. विकत होती, शिवत होती, उसने घेत-देत होती. १९७१ मध्ये त्याने ते मांडले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियावरच्या अहवालात हा शब्द वापरला. हार्टला दिसले ते असे, की कागदावर नसणे म्हणजे व्यवस्था नसणे नव्हे. निमातल्या बाजारात नियम होते, शिक्षा होत्या, पत होती. फक्त त्यावर शिक्का नव्हता.

रमजानच्या रात्रीच्या बाजारातही हेच दिसते. खजूरवाला कुठे बसणार, शीरखुर्म्याच्या सामानाची गाडी कुठे, अत्तरवाल्याची जागा कोणती, हे दरवर्षी ठरलेले असते. गेल्या वर्षी वारलेल्या टोपीवाल्याची जागा त्याच्या मुलासाठी मोकळी राहते. कुणी पाटी लावत नाही. नवा माणूस आला तर शेजारचे दोन्ही गाडीवाले थोडे थोडे सरकतात. मात्र रस्ता रुंद करायचा म्हणून पथक आले की त्या ठरलेपणाला काहीच किंमत राहत नाही. वीस वर्षांची जागा वीस मिनिटांत जाते. म्हणूनच २०१४ चा पथविक्रेता कायदा महत्त्वाचा. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवू नये, असे तो सांगतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे मापही त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया, अशी तरतूद आहे. करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना पहिल्यांदा १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज मिळू लागले. पण त्यालाही प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. मणियार भाभींनी ते कधी काढले नव्हते. कागदाची गरज पडेपर्यंत कागदाची आठवण येत नाही.

भरवसा जिथे तुटतो

भिशीचे गोडवे गाताना दुसरी बाजू लपवून चालत नाही. भिशीचे पैसे घेऊन रातोरात गाव सोडणारी माणसे लोकांनी पाहिली आहेत. अशा वेळी पोलिसांत गेले तर पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? ज्या भरवशाच्या जोरावर भिशी चालते, त्याच भरवशामुळे पुरावा ठेवलेला नसतो. दहा-बारा ओळखीच्या घरांतली भिशी वेगळी आणि एकाच माणसाने दोनशे अनोळखी लोकांकडून जमवलेली रक्कम वेगळी. तोंडओळख जिथे संपते, तिथे तोंडी शब्दही संपतो.

याच अनुभवातून कायदे आले. १९८२ चा चिट फंड कायदा सांगतो की असा फंड चालवायचा तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी हवी, लेखी करार हवा, निबंधकाकडे नोंदणी हवी आणि चालवणाऱ्याने आधी तारण ठेवले पाहिजे. २०१९ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि त्याच वर्षी नियमनाबाहेरच्या ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही आला. केरळ सरकारने तर १९६९ सालीच स्वतःची चिट्टी चालवणारी कंपनी काढली. लोकांना चिट्टी सोडवत नसेल, तर ती भरवशाच्या हाती असावी, हा त्यामागचा विचार.

अनौपचारिक व्यवस्थेचा आणखी एक दोष आहे, तो सहसा दिसत नाही. तिथे नियम ओळखीवर चालतो, म्हणून ओळख नसलेली व्यक्ती बाहेर राहते. गल्लीत नव्याने भाड्याने आलेल्या बाईला भिशीत कोण घेणार? नवऱ्याने सोडलेली, जिच्याविषयी कुजबुज चालते ती? बँकेचा काउंटर अशा बाईला काही विचारत नाही, गल्ली सारे विचारते. आणि भिशीत वाद झाला तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. फुलवाल्या वहिनींनी डब्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना कोपराने ढोसणारे हात होते, हे विसरता कामा नये. वहीत नियम असता तर त्यांना एवढे धाडस करावे लागले नसते.

दारे भेटली तेव्हा

ही दोन दारे कधी भेटलीच नाहीत असे नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या कष्टकरी बायकांना बँका उभ्या करत नव्हत्या. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये काढून स्वतःची सहकारी बँक उभी केली. बहुतेकींना लिहिता येत नव्हते.

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची माणदेशी बँक काढायचे ठरवले, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायकांनी रात्री शिकायला सुरुवात केली. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना विचारले, आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुम्ही यंत्राशिवाय काढून दाखवा. हा प्रसंग चेतना सिन्हा स्वतः सांगतात. १९९७ मध्ये बँकेला परवाना मिळाला. त्या बायकांनी नियम मोडायला सांगितले नाही. नियम जे मोजत होता ते चुकीचे मोजत होता, एवढेच दाखवून दिले.

बचत गटांची गोष्टही अशीच. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांपासून बचत गट आणि बँक यांची जोडणी सुरू केली. नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खाते उघडता येऊ लागले. तारणाच्या जागी गटाची वही आली. कोण किती दिवस, किती नियमाने पैसे भरते, हे त्या वहीत दिसते. भिशीतही ते असते. फक्त भिशीची वही बँकेपर्यंत पोहोचत नाही, कारण बहुतेक भिशींना वहीच नसते.

नव्या ईदचे नियम

रमजानच्या त्या पहिल्या रविवारी वहिनींनी पैसे पिशवीत ठेवले, पण कुणी उठले नाही. ईदनंतर नवी भिशी सुरू होणार होती. आपांनी दोनशेपानी वही पुन्हा उघडली आणि बाराजणींनी मिळून पाच ओळी लिहिल्या. हप्ता कोणत्या दिवशी द्यायचा. अडचण आली तर आधी कुणाला सांगायचे. खड्डा पडला तर तो आधी ज्यांना भिशी लागली त्यांनी भरायचा, शेवटच्यांनी नाही. ही जबाबदारी यापुढे एकट्या आपांची नाही. आणि दर महिन्याला प्रत्येकीने आपल्या नावापुढे सही करायची.

पाचव्या ओळीवर थोडा वाद झाला. दोघींना ते बँकेसारखे वाटले. "आपण घरच्या बायका. सह्या कशाला?" त्यावर मणियार भाभी म्हणाल्या, "बँकेत मला विचारलं, तू पैसे फेडतेस याला पुरावा काय. माझ्याकडे वीस वर्षं होती, पण दाखवायला एक पान नव्हतं." सह्या ठरल्या.

सहावी ओळ वहिनींनी सुचवली. गल्लीच्या टोकाला पाच महिन्यांपूर्वी राहायला आलेली, दोन मुले घेऊन एकटी राहणारी एक शिंपीण आहे. तिला कुणी फारसे ओळखत नाही. तिला भिशीत घ्यायचे का? नवऱ्याचा पत्ता नाही, गाव दुसरे, उद्या निघून गेली तर? कुजबुज सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "तिला शेवटचा नंबर देऊ. शेवटचा नंबर असला की ती कुणाचं काही घेऊन जाऊ शकत नाही. उलट तीच आपल्याला उसने देईल. मग पुढच्या वर्षी ती आपल्या ओळखीची होईल."

आपांनी ते लिहून घेतले. खाली तेरावे नाव आले. पुढची भिशी तेरा महिन्यांची होईल, म्हणजे यंदा ती रमजानमध्ये संपणार नाही, ईदच्या महिन्यात जाईल. "चालेल," असे दोघी एकदम म्हणाल्या.

सहेरीला उठायचे होते. डबा रिकामा करून आपांच्या नातीने तो पालथा घातला. वही मात्र आपांनी कपाटात ठेवली नाही. ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली, जिथून ती कुणालाही घेऊन वाचता येईल.